वर्षाचे पैसे एकदम भरू नका, निदान पहिला पावसाळा जाऊ द्या

संत्र्याचा सौदा झाला की आमच्या गावात दोन प्रकारची माणसं दारात यायला लागतात. एक म्हणजे खत-औषधाच्या उधारीवाले, आणि दुसरी म्हणजे गळ्यात कार्ड अडकवलेली ब्रॉडबँडवाली पोरं. कोणाच्या घरात कोणत्या महिन्यात पैसा येतो हे त्यांना बरोबर माहीत असते. आंबिया बहाराचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात, सोयाबीन निघून गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, आणि अशा वेळी ते पोरगं ओट्यावर बसून, पाणी पिऊन, अगदी घरच्यासारखं म्हणते, "काकू, महिन्या-महिन्याचं कायले करता, वर्षाचं भरून टाका ना, दोन महिने फुकट, राऊटर फुकट, इन्स्टॉलेशन फुकट."

पोरगं खोटं बोलत नाही. त्याला वर्षाच्या कनेक्शनवर कमिशन जास्त मिळते आणि तेही कोणाचं तरी लेकरूच आहे, घर चालवून राहिलं बिचारं. पण त्याचा फायदा आणि आपला फायदा एकच आहे असं नाही, आणि यंदा गल्लीतल्या बऱ्याच जणी मला हेच विचारून राहिल्या की ताई तुमचं तर नेटवरच काम आहे, आम्ही कोणतं घेऊ, महिन्याचं का वर्षाचं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात राहते. नागपूरच्या एका ऑफिसचं अकाउंटचं काम घरून करते, जीएसटीचे रिटर्न भरायचे, बिलं चढवायची. ज्यांनी हे काम केलं त्यांना ११ तारीख आणि २० तारीख म्हणजे काय ते माहीत आहे, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी हे रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि त्या दिवशी दुपारी नेट गेलं की जीव टांगणीला लागतो. तर नेट माझ्यासाठी चैन नाही, आणि म्हणूनच मी महिन्याचाच प्लॅन घेते. ऐकायला उलटं वाटते ना, ज्याला नेट सगळ्यात जास्त लागते त्यानं तर वर्षाचं भरून निश्चिंत व्हावं. पण वर्षाचे पैसे भरल्यानं निश्चिंत होते ती कंपनी, आपण नाही.

आता करार-करार म्हणतात तो प्रकार काय आहे ते आधी पाहू. माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडात शिकायला आहे. तिकडे घरच्या ब्रॉडबँडचा सरळ लेखी करार असतो, १२ महिन्यांचा, १८ महिन्यांचा, २४ महिन्यांचा, आणि मधात सोडायचं म्हटलं तर बहुतेक वेळा उरलेल्या महिन्यांपोटी चांगलीच रक्कम भरावी लागते. ती भाड्याच्या खोलीत, कोर्स संपला की खोली सोडणार, म्हणून तिनं ३० दिवसांचा घेतला. महिन्याला थोडे जास्त लागतात, सुरुवातीला जोडणीचे वेगळे लागतात, पण महिनाभर आधी सांगितलं की मोकळी. ऑनलाइन घेतलेला करार १४ दिवसांच्या आत रद्द करता येतो असा ग्राहकांसाठी नियमही आहे तिकडे. म्हणजे बंधन आहे, पण ते कागदावर दिसते, आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ताही कागदावरच दिसते.

आपल्याकडे असा करार सहसा नसतोच. बहुतेक ठिकाणी प्रीपेडसारखंच चालते, महिना संपला, पैसे नाही भरले, नेट बंद, विषय संपला. म्हणून लोकांना वाटते आपण मोकळेच आहो. पण सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले की झाला की करार, फक्त एकाच बाजूनं. आपण बांधलो गेलो, समोरचा नाही, आणि बाहेर पडायचा रस्ता कुठंच लिहिलेला नाही. गावात लाईन बिघडली की कोणाला तरी आपल्या दारात यावं लागते, आणि तो यावा म्हणून आपल्या हातात जो एक कासरा असते ना, तो म्हणजे पुढच्या महिन्याचा रिचार्ज. तो एकदा सोडून दिला की मग नुसते फोन लावत बसायचं.

हिशेबही करून पाहा. समजा महिन्याचा प्लॅन टॅक्स धरून ५०० चा पडते आणि वर्षाचे ५००० सांगितले. दिसायला १००० वाचले. पण पैसे तेव्हाच वाचतात जेव्हा दहा महिन्यांच्या वर नेट खरंच चाललं आणि आपण ते खरंच वापरलं. आठ महिने वापरलं असतं तर महिन्याच्या हिशेबानं ४००० च लागले असते, म्हणजे उलटे १००० जास्त गेले. आणि ५००० ही रक्कम आपण कोणत्या महिन्यात देतो तेही पाहा ना, नेमकी रब्बीच्या तोंडावर, जेव्हा हरभऱ्याचं बियाणं आणायचं असते, मजुरी द्यायची असते. महिन्याला पाचशे घरखर्चात निघून जातात, पाच हजार एकदम निघाले की कुठली तरी दुसरी गोष्ट अडते. एक अजून, पोस्टरवर ३९९ लिहिलेलं असते तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी लागते आणि हातातून ४७१ जातात, म्हणून कोणताही भाव विचारताना "सगळं धरून किती" असंच विचारायचं.

आता मी पावसाळा-पावसाळा का म्हणते ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

शहरात फायबर जमिनीखालून किंवा बिल्डिंगच्या डक्टमधून येते. आपल्याकडे ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी फायबर आली असेल, २०११ मध्ये ती योजना सुरू झाली आणि पुढं तिचंच नाव भारतनेट झालं, अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती जोडायचं उद्दिष्ट होतं. पण पंचायतीपर्यंत वायर आली म्हणजे आपल्या घरात नेट आलं असं होत नाही. तिथून किंवा तालुक्याच्या गावाहून आपल्या घरापर्यंत जी काळी बारीक वायर येते ती लाईटच्या खांबांवरून, निंबाच्या फांदीतून, कोणाच्या टिनावरून ओढत आणलेली असते. तिच्यावरून वानरं झोके घेतात. सोयाबीनच्या दिवसांत हार्वेस्टर गल्लीतून गेला की वायर घेऊनच जाते. कुटाराची उंच भरलेली ट्रॉली गेली की तेच. नळयोजनेसाठी जेसीबीनं रस्ता खोदला की जमिनीखालची मोठी केबल कापली जाते आणि मग एक घर नाही, अख्ख्या पाच-सात गावांचं नेट जाते. आणि जून-जुलैच्या वादळात फांद्या पडतात, विजा कडाडतात, लाईट जाते-येते, त्यात राऊटरचा अ‍ॅडॉप्टर उडते. म्हणजे दिवाळीत कनेक्शन घेतलं आणि उन्हाळाभर मस्त चाललं याचा काही अर्थ नाही, त्या लाईनची परीक्षा अजून झालेलीच नाही.

तुटलेली फायबर जोडताना कधी जवळ उभं राहून पाहिली का तुम्ही? मी पाहते, मला आवडते ते. राऊटरवर लाल लाईट लागलेला असते. लाईनमन मुलगा येते, वायरचं काळं कव्हर सोलते, आतून केसाएवढी काच निघते, ती स्पिरिटच्या कापसानं पुसते, एका छोट्या कटरनं टक्कन सरळ कापते, आणि दोन्ही बाजूंची टोकं मशीनमध्ये ठेवते. मशीनच्या चिमुकल्या स्क्रीनवर ती दोन टोकं खांबाएवढी मोठी दिसतात, हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, एक ठिणगी पडते आणि दोन्हीची एक होते. वरून बारीक नळी चढवून तिला गरम करायचं, झालं. मग पॉवर मीटर, म्हणजे वायरमधून उजेड किती येते ते मोजायचं यंत्र, लावून पाहते. मायनस २० च्या आसपास आकडा आला की चेहऱ्यावर समाधान, मायनस २७-२८ पर्यंत गेला की पुन्हा कुठंतरी गडबड आहे, नेट तुटत-तुटत चालणार. तुमच्याकडे जोडणी होईल त्या दिवशी हा आकडा त्याला विचाराच आणि भिंतीवर कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढं कधी नेट हळू झालं तर पहिला दिवस आणि आजचा दिवस यात फरक किती ते लगेच सांगता येते, आणि "तुमच्या मोबाईलमधीच प्रॉब्लेम आहे ताई" असं म्हणून कोणी वाटेला लावू शकत नाही.

तर मुद्दा असा की गावात आपण स्पीड विकत घेत नाही, हा जोडणारा माणूस विकत घेतो. ३० एमबीपीएस का १०० एमबीपीएस यावर लोक लय बोलतात. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस पुरते, व्हिडिओ मीटिंगला त्याहून कमी, चार माणसांच्या घराला ३० चा प्लॅन आरामात होते, जर तो खरंच ३० देत असेल तर. विचारायची गोष्ट वेगळी आहे. वायर जोडायची मशीन कोणत्या गावात आहे, जॉइंट मारणारा मुलगा कुठं राहते, तो एकटाच आहे का, त्याच्याकडे किती गावं आहेत. ज्याच्या लाईनमनला तीस किलोमीटरवरून यावं लागते त्याचं नेट कितीही स्वस्त असो, माझ्या कामाचं नाही. आणि हे कोणत्याच जाहिरातीत लिहिलेलं नसते, ते कळते फक्त त्याच लाईनवर आधीपासून असलेल्या शेजाऱ्याला विचारून, आणि मग आपण स्वतः एक पावसाळा काढून.

आमच्या गल्लीतल्या एका काकाजींचं सांगते. त्यांनी वर्षाचं भरलं होतं, नातू मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला सुट्टीत घरी राहून क्लास करणार होता म्हणून. पावसाळ्यात लाईन तुटली. पहिले काही दिवस "उद्या येतो, उद्या येतो", मग फोन उचलणं बंद, मग कळलं की जो आपल्या भागाचं पाहत होता त्यानं कामच सोडलं आणि नवीन माणूस म्हणते मला मागचं काही माहीत नाही, तुम्ही पैसे कोणाला दिले, पावती दाखवा. पावती कुठली, पैसे तर त्या मुलाच्या मोबाईल नंबरवर टाकले होते. काकाजी मला म्हणाले, "बेटा, पैशाचं दुःख नाही, पण मी त्याले घरात बसवून चहा पाजला होता." त्याच गल्लीत महिन्याचं भरणाऱ्या दोघांनी तोपर्यंत दुसऱ्याची लाईन घेऊन टाकली होती आणि त्यांची पोरं क्लास करून राहिली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं.

वायर नको म्हणून काही जण आता एअरफायबरकडे वळले. छतावर एक डबा बसते, तो टॉवरवरून ५जी घेते आणि आत राऊटरला देते, मधात खांब नाही, वानर नाही, हार्वेस्टर नाही. जिओनं ते सप्टेंबर २०२३ मध्ये गणेश चतुर्थीला आठ मोठ्या शहरांत सुरू केलं, मग हळूहळू तालुक्यांकडे आलं. तेव्हा त्याची अट लक्षात ठेवण्यासारखी होती, इन्स्टॉलेशनचे १००० रुपये, पण वर्षाचं भरलं तर माफ. सगळ्याच कंपन्यांचं गणित साधारण असंच असते, सुरुवातीचा खर्च माफ करायचा आणि त्या बदल्यात वर्षभर बांधून घ्यायचं. मला विचाराल तर ते हजार-पंधराशे देऊन मोकळं राहणं परवडते. पण एअरफायबर घेण्याआधी एक करा, आपल्याच छतावर, जिथं डबा बसणार तिथं, त्याच कंपनीच्या ५जी सिमवर संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास स्पीड पाहा. दुपारी नका पाहू, दुपारी सगळे वावरात असतात. रात्री अख्खं गाव एकाच टॉवरवर मॅच पाहत असते तेव्हा जे मिळते तेच तुमचं खरं नेट. आणि लाईट गेल्यावर टॉवर किती वेळ चालते हेही पाहून घ्या, काही टॉवर लगेच बसतात.

काही घरांना तर कनेक्शनच लागत नाही, हेही बोललं पाहिजे. घरात दोघंच म्हातारी माणसं, मुलगा पुण्याला, तर मोबाईलचा पॅक पुरते. फक्त २८ दिवसांचा पॅक घेतला तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात हे डोक्यात ठेवा. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे, तो शोधा, दुकानदार आपण होऊन सांगत नाही. आणि पोरं-नातवंडं दिवाळीत, उन्हाळ्यात येतात तेव्हा तेवढाच एक-दोन महिने घरचं ब्रॉडबँड सुरू करायचं, मग बंद ठेवायचं, बऱ्याच लोकल केबलवाल्यांकडे असं जमते. वायर घरात राहते, राऊटर कपाटात राहते, पैसे फक्त वापरलेल्या महिन्यांचे. मात्र बंद ठेवलेल्या काळात काही भाडं लागेल का, किती महिने बंद राहिलं तर कनेक्शन काढून टाकतात, हे आधीच विचारायचं, आणि फोनवर नाही, मेसेजवर विचारायचं म्हणजे उत्तर लेखी राहते.

गावाची गरजच मुळी हंगामाची आहे. पीकविम्याच्या, ई-पीक पाहणीच्या दिवसांत, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणीच्या दिवसांत, जून-जुलैला पोरांच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी नेट पाहिजेच पाहिजे. मार्चनंतर परीक्षा झाल्या की कित्येक घरांत राऊटर नुसता लुकलुकत असते. पैसाही हंगामाचा. मग प्लॅनच तेवढा बारमाही कशाला पाहिजे?

वर्षाचं भरूच नका असं मी म्हणत नाही. ज्या लाईननं तुमच्या घरात एक पूर्ण पावसाळा आणि एक सुगी काढली, ज्याचा माणूस बोलावल्यावर एक-दोन दिवसांत आला, त्याला सहा महिन्यांचं द्या, मनात शंका न ठेवता द्या, त्यालाही धंद्यात हातभार लागते आणि तुमचेही दोन पैसे वाचतात. माझी मैत्रीण शाळेत शिक्षिका आहे, तिच्या गावातला केबलवाला रात्री नऊला शिडी घेऊन येते, ती आता वर्षाचंच भरते आणि बरोबर करते. आधी काम पाहा, मग पैसे आगाऊ द्या, मजूर लावताना आपण हेच करतो ना.

राऊटरचंही स्पष्ट करून घ्या. फुकट म्हणजे तुमचा झाला का वापरायला दिला? डिपॉझिट असेल तर परत मिळणारं आहे का, आणि ते पावतीवर लिहिलं आहे का? काही जण म्हणतात आपणच बाजारातून घेऊन टाकू, पण फायबरचा डबा कंपनीनं आपल्या सिस्टीममध्ये चढवल्याशिवाय चालत नाही, आणि एकाच्या लाईनवरचा दुसऱ्याच्या लाईनवर चालेलच असं नाही, त्यामुळे घेण्याआधी दोघांनाही विचारा. बाकी एक गोष्ट नक्की घ्या, राऊटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. लाईट गेली तरी नेट तीन-चार तास राहते, आणि आपल्याकडे लाईट कधी जाते ते सांगायला नको.

आणि ज्यांनी आधीच वर्षाचे भरून टाकलेत त्यांनी मन खट्टू करू नका, फक्त आजच बसून कागद जमवा. पैसे मुलाच्या वैयक्तिक नंबरवर टाकले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढा आणि त्याच्याकडून जीएसटीचं बिल मागा, न लाजता मागा. पुढचे पैसे कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ऑफिसात पावती घेऊनच. लाईन बंद पडली की लाईनमनला फोन कराच, पण कंपनीच्या नंबरवर तक्रार करून तिचा नंबर घ्या आणि तारीख लिहा, कारण तीन दिवसांपेक्षा जास्त लाईन बंद राहिली तर भाड्यात सूट द्यायची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे, पण तक्रार नंबर नसेल तर लाईन बंद होती हे दाखवणार कशावरून. कंपनीनं ऐकलं नाही तर त्यांच्याच वरच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं, तिथंही नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोला. आणि टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही हा वाद होता तोही सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटवला, चालतात. अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोग आहे, कोणाला तिथला अर्ज लिहायला जमत नसेल तर पावती आणि तक्रार नंबर घेऊन माझ्याकडे या, ११ आणि २० तारीख सोडून.